पाच वर्षांच्या पोरीला शाळेनं द्यायचं काय? दिंडोशीतल्या एका सोडतीनिमित्त

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सवडीनं वाचा.

मार्चमध्ये धाकट्या बहिणीकडे दिंडोशीला गेलो होतो. चिपळूणहून रात्रीची बोरिवली गाडी पकडली की उजाडायच्या आत हायवेवर दिंडोशीला उतरता येतं. आमच्या कोकणातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी मालाड-गोरेगावला असतंच, त्यामुळे त्या थांब्यावर उतरणारा मी एकटा नव्हतो.

चहा झाला आणि बहिणीनं मोबाईल पुढे केला. भाची पाच वर्षांची. महापालिकेच्या सीबीएसई शाळेसाठी अर्ज भरलेला होता, सोडत व्हायची होती. म्हाडाच्या घरासाठी ऐकली होती, आता शाळेसाठीही सोडत. बहीण म्हणाली, "दादा, तू पेपरात लिहितोस, तुला माहीत असेल. सगळे सीबीएसई सीबीएसई करतात. पण पोरीला तिथे नक्की शिकवणार काय? आणि पलीकडच्या मराठी शाळेत शिकवतात त्यापेक्षा वेगळं काय?"

मी वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. दहावीचे निकाल, शिष्यवृत्तीची यादी, शाळेच्या गळक्या छपराचे फोटो, शिक्षकांच्या बदल्या, सगळं छापलंय. पण पहिली ते चौथीच्या पोरानं शाळेतून काय घेऊन बाहेर पडायचं असतं, हा प्रश्न कधी कुठल्या शिक्षणाधिकाऱ्याला विचारल्याचं आठवत नाही. "अभ्यासक्रम चांगला असतो त्यांचा," असं काहीतरी गुळमुळीत बोललो.

आतून बहिणीच्या सासूबाईंचा आवाज आला. "आम्हाला सातवीपर्यंत काय कमी शिकवलं होतं?" काकी महापालिकेच्या मराठी शाळेत सातवी शिकल्या. पुढे लग्न. आजही भाजीवाल्याचा हिशेब तो कॅल्क्युलेटर काढायच्या आत करून मोकळ्या होतात.

चिपळूणला परत आल्यावर हा प्रश्न डोक्यातून जाईना. जुनी पुस्तकं काढली, काही नव्यानं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी सीबीएसईचं, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. माझीही झाली होती. सीबीएसई हे मुळात परीक्षा मंडळ. आजच्या स्वरूपात ते 1962 पासूनचं. पाच वर्षांच्या पोरीची त्या मंडळाच्या परीक्षेशी गाठ पडणार ती थेट दहावीत. तोवर तिच्या हातात असतात ती एनसीईआरटीच्या आराखड्यावर बेतलेली पुस्तकं. आणि तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा हा जो राष्ट्रीय आराखडा 2022 मध्ये आला, तो सांगतो की या वयात खेळातून शिकवा, वस्तू हाताळू द्या, गोष्टी सांगा, आणि शक्यतो मुलाच्या घरच्या भाषेत शिकवा. म्हणजे ज्या पाटीसाठी आपण रांगा लावतोय, त्या पाटीमागचा कागदच म्हणतोय की पोरीला आधी तिच्या आईच्या भाषेत बोलू द्या. बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "मग सोडत कशाला काढतात?"

दिंडोशी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. एका अंगाला हायवे आणि बेस्टचं आगार, दुसऱ्या अंगाला डोंगर, त्यापलीकडे चित्रनगरी आणि आरे. संतोषनगरसारखी दाट वस्ती. मृणाल गोरे, बाबुराव सामंत यांच्या चळवळीतून अतिरिक्त जमिनीवर उभी राहिलेली नागरी निवाराची सहा हजारांवर घरं. जरा पुढे गोकुळधाम, यशोधामचे टॉवर. आणि आरेच्या झाडीत वारल्यांचे पाडे, या सगळ्यांच्या आधीपासूनचे. एवढ्या जरा जागेत चार तऱ्हेची बालपणं. टॉवरमधली मुलं पिवळ्या बसमधून जातात. उरलेल्यांसाठी महापालिकेची शाळा.

हा सगळा भाग महापालिकेत आला 1957 साली, हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हा. त्याआधीची महापालिका म्हणजे खालची मुंबई. सक्तीच्या शिक्षणाची मुंबईतली गोष्टही तिथलीच आहे. 1925 मध्ये एफ आणि जी वॉर्डात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. परळ, शिवडी, वरळी, म्हणजे गिरणगावाचा मोठा भाग त्यात आला. आता त्याच्याशेजारी दुसऱ्या तारखा ठेवून बघा. 1881 च्या कारखाना कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायला बंदी केली, म्हणजे सात वर्षांचं चालत होतं. 1891 ला ते वय नऊ झालं. 1922 ला बारा. गिरणीनं मूल बारा वर्षांपर्यंत सोडलं, आणि तीन वर्षांनी शाळेनं ते सक्तीनं बोलावलं. गिरणगावातल्या शाळेचं पहिलं काम काय होतं, हे या तारखाच सांगतात. पोर भोंग्यापासून चार वर्षं लांब ठेवणं. शाळेत काय शिकला हा प्रश्न नंतरचा होता.

त्याआधी देशपातळीवर गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं होतं. ते 1912 ला 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेली भागात 1893 ला सुरुवात करून 1906 ला सबंध राज्यात सक्ती आणली होती, शाहू महाराजांनी 1917 ला कोल्हापुरात. 1918 ला विठ्ठलभाई पटेलांचा मुंबई इलाख्याचा कायदा आला. हे सगळं आपण भाषणात ऐकतो. पण हे सगळं मूल शाळेत आणण्याबद्दल आहे. आणल्यावर काय द्यायचं हा वेगळा विषय, आणि त्यावर या सगळ्यांच्या आधी एक माणूस अगदी तपशिलात बोलून गेला होता.

तो माणूस जोतीराव फुले. वर्ष 1882. सरकारनं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला होता आणि जोतीरावांनी त्यापुढे निवेदन दिलं. आपण त्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवतो, की बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. बाकीचं निवेदन वाचलं की कळतं, हा माणूस वर्गाच्या मागच्या ओळीत बसून विचार करत होता.

त्यांनी विषयांची यादीच दिली. मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावं. हिशेब यावा. इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख. शेतीचं प्राथमिक ज्ञान. नीतीचे आणि आरोग्याचे साधे धडे. खेड्यातल्या शाळेत शहरापेक्षा विषय थोडे कमी असले तरी चालतील. शेतीचे धडे नुसते पुस्तकातून नकोत, त्याला जोडून छोटी नमुन्याची शेती असावी. चालू क्रमिक पुस्तकं व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, ती बदला.

मोडी का, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. तेव्हा सावकाराचं खतपत्र, तलाठ्याचं दप्तर, कोर्टाचा कागद सगळं मोडीत. अक्षर ओळखता न येणारा शेतकरी अंगठा उठवायचा आणि जमीन जायची. शाळेनं मोडी शिकवावी या मागणीत लिपीचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पोरगा घरी जाऊन बापाच्या हातातला कागद वाचू शकला पाहिजे, एवढा साधा हिशेब होता. प्राथमिक शिक्षणाचं उद्दिष्ट याहून नेमकं मांडलेलं निदान माझ्या वाचनात नाही.

आणि शिक्षक कसा हवा? शक्यतो शेतकरी जातींतला, नांगर किंवा सुताराची हत्यारं हातात धरायला न लाजणारा, खालच्या थरातल्या लोकांत मोकळेपणी मिसळणारा. रीतसर प्रशिक्षण घेतलेला. पगार महिना बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस. पगाराचा आकडासुद्धा सांगितला होता त्यांनी! ध्येय-धोरणाच्या आजच्या कागदांत हा आकडा शोधून बघा. कंत्राटी शिक्षकांना काय मिळतं ते त्यात नसतं.

याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे, तो मला आजच्या काळाशी सगळ्यात जवळचा वाटतो. तेव्हा निकालावर अनुदान अशी पद्धत होती. तपासनीस यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, जितकी पास तितके पैसे. जोतीरावांचं म्हणणं होतं की गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत उपयोगाची नाही. शिक्षणाची गोडीच जिथे अजून लागलेली नाही, तिथे कुठला शिक्षक स्वतःच्या भरवशावर शाळा काढेल? त्याचं पोटच भरणार नाही. तिथे सरकारनंच शाळा काढल्या पाहिजेत आणि मुलं यावीत म्हणून खास उत्तेजन दिलं पाहिजे.

माझ्या मते आपल्या प्राथमिक शाळेची पुढची सव्वाशे-दीडशे वर्षांची कहाणी या एका पेचात आहे. शाळेनं काय द्यायचं हे लिहितात एक लोक. शाळेकडून काय मागायचं ते ठरवतात दुसरे. आणि मागितलं जातं ते, जे मोजता येतं.

1929 चा हार्टोग समितीचा अहवाल घ्या. त्यात एक आकडा होता. 1922-23 ला पहिलीत असलेल्या शंभर मुलामुलींपैकी 1925-26 ला चौथीत पोचले फक्त 18. बाकीचे गळाले, किंवा त्याच वर्गात बसून राहिले. समितीनं निष्कर्ष काढला की शाळा वाढवत बसू नका, आहेत त्या सुधारा. ऐकायला शहाणपणाचं. पण ज्या गावात शाळाच नाही तिथे सुधारणार काय? आपल्याकडे रामचंद्र विठ्ठल परुळेकर यांनी या विचाराला जोरदार विरोध केला. साक्षरतेचे, जुन्या देशी शाळांचे आकडे त्यांनी वर्षानुवर्षं खणून काढले आणि मांडलं की संख्या आधी, दर्जा मागाहून. लोक शिकायला लागले की दर्जा ते स्वतःच मागतील. मला परुळेकरांचं अर्धं पटतं. मुंबईत एकाच इमारतीत सकाळ-दुपारच्या पाळ्या, भरलेले वर्ग, दाटीवाटीची बाकं असलेल्या शाळा झाल्या म्हणून आमच्या काकींसारख्या मुली सातवीपर्यंत पोचल्या. न पटणारं अर्धं असं, की दर्जा मागायची वेळ आली तेव्हा लोकांनी दर्जा मागितलाच नाही, दुसरी शाळाच शोधली. पण त्याकडे पुढे येतो.

सातवीवरून आठवलं. काकींचे वडील आमच्याच बाजूचे. 1940 च्या दशकात ते मराठी सातवीची फायनल पास झाले आणि त्या जोरावर प्राथमिक शाळेत मास्तर झाले. तेव्हाच्या लोकांना फायनल म्हणजे काय हे सांगायला नको. व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा, गावातल्या लोकांची पत्रं लिहायचा. प्राथमिक शाळेला तेव्हा स्वतःचा शेवट होता. तिथून बाहेर पडणारा माणूस अर्धवट धरला जात नसे. पाढे, पावकी-निमकी, तोंडी हिशेब, अर्ज लिहिणं, नकाशा वाचणं, शुद्धलेखन असं सगळं सातवीच्या आत बसवलेलं असायचं, कारण पुढे शाळा नसणार हे गृहीत होतं. घोकंपट्टी होती, छड्या होत्या, आणि पुष्कळांच्या वाट्याला ते वर्ग आलेच नाहीत, हेही खरं. तो काळ सोन्याचा होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण हायस्कूलं वाढली, दहावी सगळ्यांची झाली, तसं प्राथमिक शाळेचं स्वतःचं काम पुसट झालं. ती पुढच्या वर्गाची रांग झाली. पहिली कशासाठी, तर दुसरीसाठी. चौथी कशासाठी, तर शिष्यवृत्तीसाठी. आता तर केजी कशासाठी, तर पहिलीसाठी.

याच्या उलट जाणारी माणसं आपल्याकडे झाली, आणि तीही दिंडोशीपासून फार लांब नाही. बोरिवलीला डहाणू लोकल पकडली की अडीचेक तासांत त्या बाजूला पोचता येतं.

ताराबाई मोडक मूळ मुंबईच्या, जन्म 1892 चा. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी काम केलं आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 1936 मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. मॉन्टेसरीचं शिक्षण, पण आपल्याला परवडेल अशा साधनांनी. इथवर ते मध्यमवर्गीयांचं काम होतं. आणि त्यांची मोठी गोष्ट अशी, की ते त्यांना पुरेना. 1945 मध्ये, म्हणजे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं.

तिथे त्यांच्यासमोर प्रश्न असा की वारल्यांची मुलं शाळेत येतच नव्हती. आपण काय केलं असतं? पालक अडाणी आहेत म्हटलं असतं, प्रभातफेरी काढली असती, पटनोंदणी पंधरवडा साजरा केला असता. या बायांनी बघितलं की मूल सकाळी असतं कुठे. लहान असेल तर घराच्या अंगणात, आणखी लहान भावंडाला कडेवर घेऊन. मग बालवाडी अंगणात भरली. तिचं नाव अंगणवाडी. आज देशभर जी अंगणवाडी आहे, 1975 साली सुरू झालेल्या सरकारी योजनेत जो शब्द बसला, त्याचं मूळ हे. जरा मोठं मूल असेल तर ते गुरं घेऊन कुरणात. मग शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत आणि शेजारी झाडाखाली वर्ग चाललाय. शिकवायला साधनं कोणती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या. मुलाला जे आधीच मोजता येत होतं त्यानं मोजणी सुरू, ज्याची नावं आधीच येत होती त्यानं बोलणं सुरू. कडेवरच्या भावंडामुळे मोठी मुलगी येत नाही, तर त्या भावंडासाठी पाळणाघर, आणि पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच आवारात. त्याला विकासवाडी म्हणत.

इथे थोडा थांबतो. सध्या सरकारनं लहान मुलांसाठी खेळण्यांची, कोड्यांची एक पेटी काढली आहे. जादुई पिटारा नाव. चांगली आहे. पण ती पेटी बघताना मला सारखी कोसबाडच्या बियांची आठवण येते. बिया जवळच्या रानातल्या होत्या, त्यांचं झाड पोरानं पाहिलेलं होतं. पेटी वरून आली की शाळा ती कपाटात कुलूपबंद ठेवते, कारण हरवली तर बाईंच्या पगारातून वसूल होईल ही भीती. हे कुठल्या एका शाळेबद्दल लिहीत नाहीये. पंचवीस शाळांत कुलूप पाहिलंय.

गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. 1937 ची वर्ध्याची परिषद, झाकीर हुसेन समिती, मातृभाषेतून शिक्षण, आणि हाताच्या एखाद्या कामाभोवती बाकीचे विषय. आपल्या इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं ते उचललं. जोतीरावांची नमुन्याची शेती आणि वर्ध्याची टकळी यांत नातं आहे. पण शाळेत टकळी पोचली तशी सूत मोजणारे तपासनीसही पोचले, आणि मग काम उरलं, त्यातलं शिकणं सुटलं. पुन्हा तेच, मोजता येतं ते मागायचं.

स्वातंत्र्यानंतरचं भराभर सांगतो. 1967 ला बालभारती आली आणि राज्यभरातल्या मुलांच्या हातात एकसारखी, स्वस्त, बऱ्यापैकी सुंदर पुस्तकं पडली. हे काम मोठं. नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमता आल्या, 1995 पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, पण शाळेत पोचेपर्यंत त्याचे तक्ते झाले. 2000 च्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी. 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, नापास करणं थांबलं, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, संकलित असे शब्द शिक्षकांच्या तोंडी बसले आणि नोंदवह्यांची थप्पी वाढली. 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. 2021 ला निपुण भारत, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित आलंच पाहिजे. 2025 ला पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा घोळ. एप्रिलमध्ये हिंदी सक्तीचा शासन निर्णय, जूनमध्ये सुधारित निर्णय, आणि 29 जूनला दोन्ही रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव समिती. या वादात मी मराठीच्या बाजूनं लिहिलं, आजही तेच मत आहे. पण एक खटकलं. महिनाभर सगळे पहिलीतल्या पोरानं किती भाषा शिकाव्यात यावर बोलत होते. पहिली भाषा तरी त्याला नीट वाचता येते का, हे कुणी विचारत नव्हतं.

निपुणचं उद्दिष्ट मला आवडतं, हे मुद्दाम लिहितो. तिसरीतल्या पोराला गोष्ट वाचून कळलीच पाहिजे, यात गैर काय? जोतीरावांनी याहून वेगळं काय मागितलं होतं? फक्त त्यांच्या मागणीत पोराच्या हातात बापाचा खतपत्राचा कागद होता. आताच्या मागणीत ॲपवर भरायची टक्केवारी आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत. त्या म्हणतात, "पोरगं वाचायला लागलं की मला आनंद होतो, आणि मग ते वाचतंय याचा व्हिडिओ काढून लिंक भरेपर्यंत तो आनंद जातो."

आता परत दिंडोशी.

2020 मध्ये महापालिकेनं जोगेश्वरीच्या पूनमनगरला सीबीएसईची आणि माटुंग्याच्या वुलन मिल शाळेत आयसीएसईची शाळा सुरू केली. आपल्या शाळांना मुंबई पब्लिक स्कूल असं नाव दिलं. पुढच्या वर्षी, 2021 ला, सीबीएसईच्या आणखी दहा शाळा निघाल्या, त्यात दिंडोशी होती. फी नाही, प्रवेश सोडतीनं. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. गणवेशापासून छत्रीपर्यंत 27 वस्तू फुकट देते. अशी महापालिका देशात दुसरी सापडणं कठीण. आणि तरी तिच्या मराठी शाळांचे पट वर्षानुवर्षं उतरत गेले.

काही मित्र या सीबीएसई शाळांना मराठीचा घात म्हणतात. मला तसं सरळ म्हणवत नाही. कारण सांगतो. माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. मी मराठी शाळा वाचवा म्हणून लेख लिहितो आणि सकाळी त्याला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. हे लिहायला लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. मग संतोषनगरातल्या धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या बाईनं आपल्या पोरीसाठी तोच अर्ज भरला तर मी कुठल्या तोंडानं बोलू? टॉवरमधलं पोर ज्या पाटीखाली शिकतं, ती पाटी तिला फुकट मिळतेय. परुळेकर म्हणाले होते, लोक शिकले की दर्जा मागतील. तिनं मागितलाय. तिला जिथे तो दिसला तिथे मागितला.

माझा प्रश्न वेगळा आहे. पाटी बदलली तेव्हा पोरीला काय द्यायचं हे कुणी नव्यानं ठरवलं का? आरेतल्या पाड्यावरची वारली मुलगी. तिच्या घरची बोली वारली, शेजारची भाषा मराठी, बाजारातली हिंदी, आणि वर्गात इंग्रजी. कोसबाडला हीच मुलगी, हीच बोली होती. ताराबाई-अनुताईंनी तिला काय येतं इथून सुरुवात केली. झाडांची नावं, गुरं, वाटा, पाऊस. आपण तिची सुरुवात तिला काय येत नाही इथून करतो. ए फॉर ॲपल. आरेच्या जंगलात राहणारी पोर, तिला दहा झाडं ओळखता येतात, त्यात सफरचंद नाही.

मराठी शाळेनं तरी हे केलं का? बहुतेक ठिकाणी नाही. तिथेही पुस्तकातली मराठी आणि घरची मालवणी, आगरी, वारली यांत केवढं अंतर असतं. आमच्या लहानपणी "बाई, माका पाणी व्हया" म्हणणाऱ्या पोरावर वर्ग हसायचा आणि बाईसुद्धा हसायच्या. तेव्हा नुसतं माध्यम मराठी केलं की काम झालं, असंही नाही.

जूनच्या आधी बहिणीचा फोन आला. सोडतीत नाव आलं नाही, प्रतीक्षा यादीत आलं. किती नंबर? सांगितला, तो ऐकून मीच गप्प झालो. सध्या भाचीचं नाव महापालिकेच्या मराठी शाळेत घातलंय. नाव आलं तर काढून तिकडे नेणार, असं बहीण म्हणते. भावोजी म्हणतात, बघू. काकी काही म्हणत नाहीत, पण रोज संध्याकाळी तिला घेऊन ओट्यावर बसतात. गणपतीला गेलो तेव्हा पाहिलं. समोर शेंगांची टोपली, काकी शेंगा सोलतात आणि पोरगी दाणे पाच-पाचच्या ढिगात लावते. पाच ढीग झाले की पंचवीस. चार पंचवीस की शंभर. मग काकी एका ढिगातले दोन दाणे उचलून तोंडात टाकतात आणि विचारतात, आता किती उरले?

पोरगी आधी आजीवर रागावते, मग मोजते.

बहिणीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून मला देता आलेलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की दोन्हीपैकी कुठल्याही शाळेत गेलीस की मंडळ कुठलं ते विचारू नकोस. बाईंना विचार, एका वर्गात मुलं किती, वर्षभरात बाई किती दिवस निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला बाहेर असतात, वाचायची पुस्तकं कपाटात आहेत की मुलांच्या हातात, आणि पोरगी घरच्या भाषेत बोलली तर काय होतं. ती म्हणाली, "दादा, हे असं विचारलं तर प्रवेश देतील का?"

तुमच्यापैकी कुणाच्या घरात जुनी फायनल झालेलं माणूस असेल, किंवा कुणी दिंडोशी-मालाडच्या महापालिका शाळेत शिकलेलं-शिकवलेलं असेल, तर त्यांना चौथी-सातवीपर्यंत नेमकं काय आलं होतं ते खाली लिहा. मोडी शिकलेलं कुणी भेटलं तर मला निरोप द्या, मी स्वतः येऊन भेटेन.